घोड्यावरचा छोटा वारस : वेलास्केझने रंगवलेले स्पेनचे राजपुत्र

रंगरेषा

सतराव्या शतकातला स्पेनचा दरबारी चित्रकार वेलास्केझ याचं नाव निघालं की गप्पा थेट 'लास मेनिनास' या त्याच्या प्रसिद्ध चित्रावर जातात. त्या चित्राबद्दल मराठीतही बऱ्यापैकी लिहून झालंय. मला मात्र त्या चित्रात नसलेल्या मुलाबद्दल लिहायचंय. १६५६ मध्ये 'लास मेनिनास' रंगवलं गेलं, तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं होत आली होती. बाल्तासार कार्लोस, स्पेनचा युवराज.

स्पेनचा राजा चौथा फिलिप आणि राणी इसाबेल यांचा हा मुलगा. जन्म १७ ऑक्टोबर १६२९. त्याच्या आधी इसाबेलला मुली झाल्या होत्या आणि त्या एकामागून एक दगावल्या होत्या. मुलगा झाला तेव्हा दरबारी चित्रकार वेलास्केझ इटलीत होता. तो १६३१ च्या सुरुवातीला माद्रिदला परतला आणि लगेच त्याच्यापुढे हे काम आलं. त्याचा सासरा आणि गुरू पाचेको लिहितो, की राजाने मधल्या काळात दुसऱ्या कोणाकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं नव्हतं, त्याची वाट पाहिली होती.

पहिलं चित्र आज बॉस्टनच्या म्युझियममध्ये आहे. लाल गालिचा टाकलेल्या पायरीवर युवराज उभा आहे. अंगात जरीकाम केलेला घोळदार झगा, गळ्याशी चिलखताचा तुकडा, छातीवरून आडवा शेला, एका हातात सेनापतीचा दंड, दुसरा हात तलवारीच्या मुठीवर. हे सगळं जेमतेम चालायला शिकलेल्या पोराच्या अंगावर! त्याच्या पुढे, एक पायरी खाली, दरबारातली एक बुटकी व्यक्ती आहे. तिच्या एका हातात खुळखुळा आणि दुसऱ्या हातात सफरचंद. खुळखुळा राजदंडासारखा धरलाय आणि सफरचंद राजाच्या हातातल्या गोलासारखं. म्हणजे खेळणी दुसऱ्याच्या हातात गेली आहेत आणि युवराजाच्या हातात राज्याच्या वस्तू आल्या आहेत. त्या बुटक्या व्यक्तीची मान वळलेली आहे, शरीर हालचालीत आहे. युवराज मात्र हलत नाही. त्याने हलायचं नाही, हेच त्याला त्या वयात शिकवलं जात होतं.

७ मार्च १६३२ रोजी माद्रिदच्या सान हेरोनिमो चर्चमध्ये कास्तीलच्या प्रतिनिधींनी या मुलाला वारस मानून शपथ घेतली. बॉस्टनचं चित्र आणि लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधलं त्याच्या थोड्या पुढच्या वयाचं चित्र, दोन्ही याच काळातली. लंडनच्या चित्रावर रेंगाळत नाही, कारण मला घोड्यापाशी पोचायचंय.

फिलिपचा प्रधान ओलिव्हारेस याने माद्रिदच्या वेशीवर बुएन रेतिरो हा नवा राजवाडा बांधवला. त्यात एक मोठं दालन होतं, सालोन दे रेइनोस, राज्यांचं दालन. छताशी राजाच्या २४ राज्यांची चिन्हं. भिंतींवर लढायांतल्या विजयांची १२ भव्य चित्रं (वेलास्केझचं 'ब्रेडाची शरणागती' त्यांतलंच), सुर्बारानने काढलेले हर्क्युलिसचे १० प्रसंग आणि घोड्यावर स्वार झालेल्या राजघराण्याची पाच चित्रं. एका टोकाला आजी-आजोबा, म्हणजे तिसरा फिलिप आणि मार्गारिता. समोरच्या टोकाला आईवडील. आणि आईवडिलांच्या मध्ये, दाराच्या वर, हा मुलगा. दालनात शिरलेल्या परदेशी वकिलाला एका नजरेत घराण्याचा काल, आज आणि उद्या दिसावा, अशी ती मांडणी होती.

मुलाचं हे चित्र साधारण १६३५ चं, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मुलगा पाच-सहा वर्षांचा. तट्टू उडी घेत आपल्या अंगावर येतंय आणि त्याचं पोट पिंपासारखं फुगलेलं दिसतं. पुस्तकात पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या चित्रकाराला घोडा जमला नाही की काय? पण चित्र दाराच्या वर टांगायचं होतं, खालून बघायचं होतं. त्या कोनातून घोड्याचं पोटच आधी दिसणार. मागे ग्वादारामाच्या डोंगररांगा आहेत, निळसर हवा, शिखरांवर थोडा बर्फ. माद्रिदच्या उत्तरेला आजही हेच दिसतं.

चेहरा बघा. शेला, जरी, टोपीवरचं पीस हे सगळं जाड, ठिपक्याठिपक्यांनी, झपाट्याने मारलेलं आहे. चेहऱ्यावर रंग इतका पातळ आहे की सावल्या जवळजवळ नाहीतच. डोंगरावरचा सगळा उजेड त्या गोऱ्या चेहऱ्यावर पडल्यासारखा वाटतो. माझं म्हणणं इथेच आहे. दरबाराला हवी होती ती वारसाची जागा भरलेली दाखवणारी चित्रं. घोडा, दंड, शेला यांनी ते काम चोख झालं. चेहऱ्यात वेलास्केझने दरबाराने न मागितलेलं काहीतरी दिलं. तिथे एक लहान मुलगा आहे, त्याला जड वस्तू सांभाळायला सांगितलंय आणि तो मन लावून सांभाळतोय. तो शूर दिसावा म्हणून चित्रकाराने त्याला वयाने मोठं केलेलं नाही.

शिकारीच्या वेशातलं एक चित्र आहे (तेही प्रादोमध्ये, त्यावर वय सहा वर्षं असं लिहिलंय). हातात बंदूक, पायाशी झोपलेला मोठा कुत्रा आणि उजवीकडे अर्धाच दिसणारा ग्रेहाउंड. अर्धा, कारण कॅनव्हास नंतर त्या बाजूने कापला गेला.

आणखी एक चित्र आहे, घोडेस्वारी शिकतानाचं, सुमारे १६३६ चं. पुढे तट्टूवर युवराज, मागे सज्जात राजाराणी आणि मध्ये ओलिव्हारेस, युवराजाला देण्यासाठी भाला हातात घेणारा. म्हणजे उद्याच्या राजाला घडवतोय कोण, तर मी! त्याच रचनेची दुसरी आवृत्ती वॉलेस कलेक्शनमध्ये आहे आणि तिच्यात ओलिव्हारेस नाही. १६४३ मध्ये त्याची सत्ता गेली, त्याच्याशी अभ्यासक हे जोडतात. लहान मुलाच्या चित्रात शेजारी कोण उभं राहतं, यावर राजकारण व्हायचं ते असं.

पुढचं थोडक्यात. १६४४ मध्ये आई गेली. १६४६ मध्ये बाप मुलाला आरागॉनमध्ये घेऊन गेला. लग्न ठरलं होतं, आतेबहीण मारियानाशी. ९ ऑक्टोबर १६४६ रोजी सारागोसा इथे थोड्या दिवसांच्या आजारपणात बाल्तासार कार्लोस गेला. सतरावं वर्ष पुरं व्हायला आठवडा राहिला होता. राजाला दुसरा औरस मुलगा नव्हता. तीन वर्षांनी फिलिपने स्वतःच मारियानाशी लग्न केलं, म्हणजे मुलाच्या नियोजित वधूशी आणि स्वतःच्या भाचीशी.

मारियानाच्या मुलांची चित्रं हा वेगळा विषय आहे, प्रतिसादांत बोलू. तुम्ही कोणी ही चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर नक्की लिहा.

माघसर

फार सुंदर लेख. वाचनखूण साठवली आहे. पिंपासारख्या पोटाचं कोडं मला कॉलेजपासून होतं, आमच्या कलेतिहासाच्या पुस्तकात चित्र होतं पण ते कुठे टांगलं होतं याचा उल्लेख नव्हता.

एक प्रश्न. बॉस्टनच्या चित्रात मुलाला झगा का? मुलगा आहे हे ठसवायचं असेल तर मुलासारखे कपडे नकोत का?

तिठा

माघसर, त्या काळी युरोपात सगळ्याच लहान मुलांना झगा घालत, मुलगा असो की मुलगी. साधारण सहा-सात वर्षांचा झाला की मुलाला विजार मिळे आणि तो दिवस घरात साजरा व्हायचा. तोपर्यंत वारस आहे हे सांगायचं काम तलवार, दंड आणि शेला करत.

यावरून इंग्लंडच्या दरबारात एक प्रकरण झालं होतं. राजा पहिल्या चार्ल्सने आपला दरबारी चित्रकार व्हॅन डाइक याच्याकडून १६३५ मध्ये आपल्या तीन मोठ्या मुलांचं चित्र काढून घेतलं. ते राणी हेन्रिएटा मारियाच्या बहिणीला, साव्हॉयच्या डचेसला, तुरीनला पाठवायचं होतं. त्यात थोरला राजपुत्र झग्यात आहे. चित्र अप्रतिम आहे, तुरीनमध्येच आहे. पण राजा चित्रकारावर नाराज झाला. लहान मुलांच्या कपड्यांवर असतो तो एप्रन दाखवला नव्हता, असं त्या वेळच्या पत्रव्यवहारात आहे. त्यानंतर व्हॅन डाइकने याच तिघांना पुन्हा रंगवलं आणि त्यात थोरला राजपुत्र विजारीत, खांबाला टेकून, जवळजवळ तरुण माणसासारखा उभा आहे. दोन चित्रांमध्ये काळाचं अंतर फार थोडं, पण मुलगा एकदम मोठा झालाय.

आता आपल्याशी जोडलेलं. झग्यातला हा मुलगा म्हणजे पुढचा दुसरा चार्ल्स. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या कॅथरीनशी त्याच्या लग्नाचा करार झाला आणि हुंड्यात मुंबई बेट मिळालं. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. तुरीनच्या चित्रासमोर मुंबईकराने दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

अबोली_फोंडा

तिठा, मुंबईचं आलंच आहे तर गोव्याचंही घ्या. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. म्हणजे रंगरेषाताईंनी सांगितलेल्या दालनातल्या २४ चिन्हांत पोर्तुगाल होतं आणि घोड्यावरचं ते पोर गोवा, वसई, चौल, दमण या सगळ्याचाही वारस होतं. डिसेंबर १६४० मध्ये लिस्बनला बंड झालं आणि ब्रागान्झा घराण्याने पोर्तुगाल वेगळं काढलं. आमच्याकडे जुन्या गोव्यात व्हाइसरॉयांच्या चित्रांची मालिका आहे, तिच्यातले या साठ वर्षांतले व्हाइसरॉय माद्रिदच्या राजाचे. शाळेत हे कोणी सांगत नाही, पोर्तुगीज म्हटलं की लिस्बनच डोळ्यासमोर येतं.

आणि ताई, मारियानाच्या मुलांबद्दल लिहाच. ताईत घातलेल्या एका छोट्या राजपुत्राचं चित्र मी पाहिलंय, नाव आठवत नाही.

रंगरेषा

अबोली, गोव्याचा मुद्दा नेमका आहे. मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याच्या वारशातून एक अख्खं राज्य गेलं. दालनातलं चित्र तसंच राहिलं.

तू म्हणतेस तो फेलिपे प्रोस्पेरो. जन्म २८ नोव्हेंबर १६५७. बाल्तासार कार्लोसनंतर अकरा वर्षं स्पेनला युवराज नव्हता, त्यामुळे या जन्मावर केवढा जल्लोष झाला असेल. वेलास्केझने त्याला १६५९ मध्ये रंगवलं. लालसर झगा, त्यावर आरपार दिसणारा पांढरा एप्रन आणि छातीवर-कमरेला दोऱ्यांनी अडकवलेले ताईत. छोटी घंटा आहे, सुगंधी द्रव्याचा गोळा आहे, मुठीच्या आकाराचा ताईत आहे. हात शेजारच्या लाल खुर्चीच्या पाठीवर नुसता टेकवलाय. खुर्चीत एक पांढरं कुत्रं मान टाकून आपल्याकडे बघतंय. अठराव्या शतकातला चरित्रकार पालोमिनो सांगतो, की ही कुत्री वेलास्केझची लाडकी होती.

मुलगा १ नोव्हेंबर १६६१ रोजी गेला, चौथा वाढदिवस यायच्या आत. त्याआधी १६६० च्या ऑगस्टमध्ये वेलास्केझ गेला होता. त्याच्या अगदी शेवटच्या चित्रांपैकी हे एक.

डॅन्यूबकाठी

मी व्हिएन्नात राहते. हे चित्र इथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे आणि पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच. घरी पुण्याला आमच्या आजीने प्रत्येक नातवंडाला काळी मणगटी, पायात काळा दोरा आणि गालाला तीट लावली होती. त्या मुलाच्या कमरेची घंटा पाहिली आणि मला पहिलं आजीच आठवली. दृष्ट लागू नये म्हणून जगातला सर्वांत मोठा राजाही आजीसारखंच करत होता!

छापील चित्रात न कळणारी गोष्ट म्हणजे तो एप्रन. जवळ गेलं की फक्त करड्या-पांढऱ्या रंगाचे पुसट फटकारे दिसतात, कापड कुठेच नाही. चार पावलं मागे या, की मलमल दिसते आणि मलमलीखालचा झगाही दिसतो. कुत्र्याचंही तसंच, काही थोडे फटकारे आणि कुत्रं तयार.

मला त्या चित्रासमोर वाईट वाटतं. मुलाचा चेहरा फिकट, डोळ्यांखाली सावल्या. मागची खोली अंधारी. चित्रकाराला कळलं होतं, की हे पोर राहत नाही.

गव्हाळ

इथे माझा विरोध नोंदवतो. चांगला धागा आहे म्हणूनच.

मुलगा जगला नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून चेहरा आजारी दिसतो. हेच चित्र पुढे साठ वर्षं राज्य केलेल्या राजाचं असतं तर आपण म्हटलं असतं, बघा काय शांत, गंभीर पोर आहे! ताईतांवरून तर काहीच सिद्ध होत नाही. स्पेनच्या दरबारात धडधाकट मुलांनाही ताईत घालत. पांतोहा दे ला क्रुसने १६०२ मध्ये चौथ्या फिलिपच्या थोरल्या बहिणीला, आनाला, ती तान्ही असताना रंगवलं. ते चित्र माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस मठात आहे. तिच्याही अंगावर ताईत आणि क्रूस लटकताहेत. ही आना पुढे फ्रान्सची राणी झाली, चौदाव्या लुईची आई झाली आणि चौसष्ट वर्षं जगली. तिच्या चित्रात कोणाला मृत्यू दिसतो का?

तेच होल्बाइनने काढलेल्या इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या मुलाच्या चित्राबद्दल. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते. सव्वा वर्षाचं बाळ, लाल कपडे, सोन्याचा खुळखुळा राजदंडासारखा धरलेला, दुसरा हात जनतेला आशीर्वाद द्यावा तसा वर. खाली रिचर्ड मॉरिसनने रचलेल्या लॅटिन ओळी आहेत. बाळा, बापासारखा हो, एवढं झालं तरी पुष्कळ, असा त्यांचा अर्थ. १६ व्या शतकातल्या इंग्लंडात आठव्या हेन्रीला याहून गोड काय लागणार? १५३९ च्या नववर्षाची भेट म्हणून होल्बाइनने हे राजाला दिलं. एडवर्ड पंधराव्या वर्षी गेला, पण त्या गुबगुबीत चेहऱ्यात कोणी तसं शोधत नाही, कारण होल्बाइनची शैली वेगळी आहे. तेव्हा आपण मुलांची तब्येत वाचत नसून चित्रकाराची शैली वाचतोय, असं माझं मत.

आणि मूळ लेखातल्या 'दरबाराने न मागितलेलं काहीतरी' यावरही मला शंका आहे. चित्र दरबाराने मागितलं, दरबाराने पसंत केलं, दरबाराने टांगलं. आवडलं नसतं तर वेलास्केझची नोकरी राहिली असती का?

माघसर

गव्हाळ यांच्या आनाच्या मुद्द्याला +१. पण मग बाल्तासार कार्लोसचा चेहरा एवढा पातळ रंगात का, हे उरतंच.

ओलारंग

मी स्वतः तैलरंगात पोर्ट्रेट करते आणि लहान मुलांची करते, म्हणून कामाच्या बाजूने लिहिते.

दोन वर्षांचं मूल पाच मिनिटंसुद्धा एका जागी राहत नाही. आज आपण फोटो घेतो. तेव्हा काय करत? चेहरा झटपट टिपायचा, बाकी सगळं नंतर. होल्बाइनने एडवर्डचं खडूने रेखाटन केलं होतं, ते विंडसरच्या संग्रहात आहे. फ्रान्समध्ये राणी कातरिन दे मेदिची हिची मुलं सां-जर्मेंला वाढत होती आणि ती स्वतः राजाबरोबर फिरतीवर असे. ती मुलांच्या पालकांना पत्रांतून सांगायची, की सगळ्या मुलांची चित्रं काढून पाठवा, खडूत काढली तरी चालतील, लवकर होतील. मुलं कशी आहेत, वाढताहेत का, हे तिला त्या रेखाटनांवरून बघायचं होतं. ती रेखाटनं शांतियीच्या म्युझियममध्ये मोठ्या संख्येने आहेत. मला दरबारी चित्रांहून तीच जास्त आवडतात. पोरांची नाकं, फुगलेले गाल, वैतागलेले ओठ, काहीही लपवलेलं नाही, कारण बघणारी आई होती.

म्हणून चेहरा पातळ असण्याचं एक साधं कारण असू शकतं. मुलासमोर चेहरा एका दमात, ओल्यावर ओलं, म्हणजे आधीचा रंग सुकायच्या आत, मारलाय आणि मग त्याला हात लावायचा नाही. लहान मुलाच्या त्वचेवर रंगाचे थर चढवले की ती म्हातारी दिसते. कपडे मात्र नंतर निवांत मांडून ठेवता येतात, तिथे जाड रंग, जरीचे ठिपके, हवं ते. चेहऱ्यावर पुन्हा काम न करण्याचा निर्णय मात्र चित्रकाराचा असतो. त्या काळातले बहुतेक दरबारी चित्रकार चेहरा घासूनपुसून, गुळगुळीत करून संपवत. वेलास्केझ थांबतो. कुठे थांबायचं हे कळणं फार अवघड आहे, विशेषतः समोर राजा उभा असताना.

रंगरेषा

ओलारंग, हा प्रतिसाद लेखाहून मोलाचा आहे. मला चेहऱ्यात जे दिसत होतं त्याचं कारण हाताच्या कामात सापडलं.

गव्हाळ, ताईतांवरून आजार ठरत नाही हे मान्य. आनाचं उदाहरण चोख आहे. पण फेलिपे प्रोस्पेरो नाजूक आहे, त्याला फिट्स येतात, हे त्या वेळच्या लोकांना माहीत होतं. ते आपण मागाहून लादलेलं नाही. आणि चित्र कुठे गेलं ते बघा. ते माद्रिदच्या भिंतीसाठी काढलेलं नाही, ते व्हिएन्नाला, सम्राट लिओपोल्डकडे पाठवलं गेलं. स्पेनचं घराणं खुंटलं तर वारशावर हक्क सांगू शकणाऱ्यांत तो अग्रभागी होता. त्याला कळवायचं होतं, की मुलगा आहे, उभा राहतोय. अशा चित्रात कोणीही हुशार चित्रकार गाल लाल करेल, मुलाच्या हातात छोटी तलवार देईल. वेलास्केझने त्याला ना दंड दिला ना तलवार. बाल्तासार कार्लोसच्या बॉस्टनच्या चित्राशी तुलना करा, वय जवळपास तेच. तिथे लष्करी सामान, इथे घंटा आणि ताईत. मला यात चित्रकाराचा निवाडा दिसतो.

दरबाराने ते पसंत केलं म्हणून ते दरबाराचंच झालं, हे मला पटत नाही. एखाद्या चित्रात मागणी पुरी होऊनही शिल्लक राहू शकते.

गव्हाळ

तलवार नाही हा मुद्दा दमदार आहे, त्यावर विचार करतो. तरी एक कारण सुचवतो. हे चित्र घरच्या माणसाला पाठवायचं होतं. लिओपोल्ड मारियानाचा सख्खा भाऊ, मुलाचा मामा. मामाला पाठवायच्या चित्रात लष्करी थाट कशाला? दालनातल्या चित्राचं काम वेगळं, नात्यातल्या चित्राचं वेगळं. तुरीनच्या मावशीला पाठवलेल्या व्हॅन डाइकच्या चित्रातही मुलं घरगुतीच आहेत.

डॅन्यूबकाठी

मामा खरा, पण त्याच मामाशी फेलिपे प्रोस्पेरोच्या थोरल्या बहिणीचं, मार्गारिताचं (पणजीचं नाव तेच, पण ही वेगळी) लग्न ठरलेलं होतं! तिची तीन चित्रं इथे आहेत. साधारण तीन वर्षांची गुलाबी झग्यात, पाच वर्षांची पांढऱ्या झग्यात, आठ वर्षांची निळ्या झग्यात. निळं चित्र आणि फेलिपे प्रोस्पेरोचं चित्र १६५९ मध्ये बरोबरच पाठवलं गेलं. म्हणजे एका खोक्यात नियोजित वधू आणि एका खोक्यात तिचा भाऊ, जो जगला तर व्हिएन्नाचा स्पेनवरचा हक्क मागे पडणार. नातं आणि राज्य त्या घरात वेगळं काढताच येत नव्हतं.

मार्गारिता १६६६ मध्ये इथे आली, सम्राज्ञी झाली आणि १६७३ मध्ये एकविसाव्या वर्षी गेली. नवऱ्याला ती शेवटपर्यंत मामाच म्हणत असे, असं इथे सांगतात.

तिठा

मुलींचा विषय निघाला हे बरं झालं. धाग्यात आत्तापर्यंत वारस म्हणजे मुलगा असंच चाललंय. बाल्तासार कार्लोस गेला तेव्हापासून फेलिपे प्रोस्पेरो जन्मेपर्यंत स्पेनच्या गादीची वारस कोण होती? त्याची सख्खी बहीण मारिया तेरेसा, १६३८ ची. कास्तीलमध्ये मुलीला गादी मिळू शकत होती. १६५३ च्या सुमाराला तिची चित्रं व्हिएन्ना, ब्रसेल्स आणि पॅरिस अशी चहूकडे गेली, कारण तिच्याशी लग्न करणाऱ्याला कदाचित अख्खं स्पेन मिळणार होतं. त्यांतलं व्हिएन्नाचं चित्र बघा. प्रचंड रुंद केशरचना, त्यात फुलपाखरांसारखे फिती-गोंडे, झग्यावर दोन घड्याळं अडकवलेली.

१६६० मध्ये तिचं लग्न चौदाव्या लुईशी झालं. सीमेवरच्या फेझंट बेटावर दोन्ही दरबार भेटले आणि तिथल्या स्पॅनिश बाजूची सजावट वेलास्केझकडे होती, राजवाड्याच्या व्यवस्थेचं पद त्याच्याकडे असल्यामुळे. तिथून परतल्यावर थोड्याच आठवड्यांत तो गेला. लग्नाच्या वेळी मारिया तेरेसाने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडला, पण तो बदल्यात ठरलेल्या हुंड्याशी बांधलेला होता आणि हुंडा कधी पुरा दिला गेला नाही.

अबोली_फोंडा

आणि शेवटी गादी गेली कोणाकडे?

रंगरेषा

फेलिपे प्रोस्पेरो गेल्यावर पाच दिवसांनी, ६ नोव्हेंबर १६६१ रोजी, आणखी एक मुलगा झाला. तोच दुसरा कार्लोस. चार वर्षं पुरी व्हायच्या आत बाप गेला आणि तो राजा झाला. त्याची चित्रं कारेन्यो दे मिरांदाने काढली. काळा पोशाख, लांब फिकट चेहरा, मागे राजवाड्याच्या आरशांच्या दालनातले गरुड कोरलेले मोठे आरसे. कारेन्यो फार चांगला चित्रकार होता. त्याने मुलाला छोटं, दालनाला मोठं केलं आणि आरशात दालनाचा पुढचा भाग दाखवला. पिढ्यानपिढ्या काका-पुतणी, मामा-भाची अशी लग्नं झालेल्या घराण्याचं हे शेवटचं मूल. कार्लोसची दोन लग्नं झाली, मूल झालं नाही. १ नोव्हेंबर १७०० रोजी तो गेला आणि गादी मिळाली मारिया तेरेसाच्या नातवाला, आंजूच्या फिलिपला. त्यावरून युरोपभर युद्ध पेटलं ते तेरा-चौदा वर्षं चाललं. तिठा यांचं म्हणणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. घोड्यावर बसवून दालनात टांगला तो वारस मुलगा होता, पण वारसा पुढे गेला तो घड्याळं लावलेल्या मुलीच्या पोटी. स्पेनचा आजचा राजाही त्याच फिलिपच्या बूर्बों वंशातला आहे.

माघसर

पुढच्या ऑक्टोबरात लेकीकडे माद्रिदला जाणं होणार आहे. प्रादोला एकच दिवस मिळेल. या धाग्यातलं काय चुकवू नये?

रंगरेषा

माघसर, आधी घोड्यावरचा बाल्तासार कार्लोस. पहिल्यांदा जवळून चेहरा बघा, ओलारंग यांनी सांगितलेलं काम दिसेल. मग चांगलं आठ-दहा पावलं मागे जा आणि जमेल तेवढं खाली वाकून, नजर वर करून बघा. घोड्याचं पोट आपोआप आवरतं आणि तट्टू खरंच झेप घेताना दिसतं. गुडघे दुखत असतील तर लेकीला वाकायला लावून तिला विचारा. त्याच्या आईवडिलांची घोड्यावरची चित्रंही तिथेच आहेत, तिघं मिळून एक भिंत डोळ्यांसमोर आणता येते. मग शिकारीचं चित्र, तिथे कापलेला ग्रेहाउंड शोधा. कारेन्योचा दुसरा कार्लोसही प्रादोमध्ये आहे. 'लास मेनिनास'समोर गर्दी असते, ते शेवटच्या दोन तासांवर ठेवू नका. त्या वेळेत प्रवेश मोफत असतो आणि रांग लांबते.

आनाचं ताईतांचं चित्र असलेला देस्काल्सास मठ प्रादोपासून फार लांब नाही. तिथे मर्यादित लोकांना, मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढा. आणि आल्यावर इथे लिहा, गव्हाळ यांना आनाचे गाल कसे होते ते कळायला हवं.

गव्हाळ

नक्की लिहा. आणि फेलिपे प्रोस्पेरोशेजारी ठेवून बघता येईल असा आनाचा चांगला फोटो मिळाला तर तोही डकवा.